खणापासून कार्पेटपर्यंत

मुंबईत किंवा पुण्यात घराची किंमत विचारली, की उत्तर दराच्या रूपात येते. अमुक भागात चौरस फुटाला इतके हजार, तमुक भागात तितके. मग दोन घरांची तुलना म्हणजे दोन दर शेजारी ठेवणे, आणि ज्याचा दर कमी ते घर स्वस्त. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती अनादि काळापासूनची वाटते. प्रत्यक्षात चौरस फुटाने घर विकण्याचा रिवाज साठेक वर्षांचा आहे. त्याआधी पुण्यात खणाने जागा मोजत, मुंबईत खोलीने आणि पुढे ब्लॉकने. यातल्या प्रत्येक मापाला घराची एकच बाजू दिसत होती, बाकीच्या बाजू अंधारात राहत होत्या. घराच्या रचनेवर त्याची किंमत ठरते, हे खरे आहे. पण रचनेतल्या कोणत्या गुणाला पैसे मिळतील हे त्या त्या काळचे माप ठरवते, आणि काही वर्षांतच बांधणारे त्या मापाच्या सोयीने रचना बदलू लागतात. या दोन शहरांच्या घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या उलट्या प्रवाहाकडे लक्ष दिल्याशिवाय नीट कळत नाही.

पुण्याचा वाडा मुळात विकण्यासाठी बांधलेला नव्हता. दिंडी दरवाजा, ओसरी, सोपा, मधला चौक, माजघर, देवघर, वरची माडी ही मांडणी एका मोठ्या कुटुंबाच्या दिनक्रमाची होती, आणि वाड्याचा मोठेपणा तो किती चौकी आहे यावरून सांगितला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्यात हे वाडे बिऱ्हाडांना भाड्याने दिले जाऊ लागले, तेव्हा मोजणीला खण आला. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, साधारण चार-पाच फुटांचे. लाकडाच्या लांबीवर आणि सुताराच्या हिशेबावर बेतलेले हे माप भाड्याच्या व्यवहारात सोयीचे ठरले, कारण मान वर करून आढ्याकडे पाहिले की खण मोजता येत. फूटपट्टीची गरज नव्हती. पण दोन खणांची जागा रस्त्याकडेच्या माडीवर असली तर तिच्यात दिवसभर उजेड, आणि तळमजल्यावर चौकाच्या कोपऱ्यात, शौचकूपाच्या वाटेवर असली तर भर दुपारीही दिवा लागे. खणांची संख्या दोन्हीकडे सारखीच. हा फरक भाड्यात उतरे तो घासाघीस करून, मापातून नव्हे. तरीही खणाच्या काळात एक गोष्ट शाबूत होती: चौक कोणाच्याच खणांत मोजला जात नसला तरी तो बुजवून कोणाला फायदा होत नव्हता. वाड्याची सगळी हवा आणि सगळा उजेड चौकातून येत असे, आणि तो बुजवला तर आतल्या खणांना भाडेकरू मिळाला नसता. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे गेले, पुढच्या दशकांत उरलेल्यांपैकी कित्येक पाडून तिथे अपार्टमेंट आल्या, आणि चौकाची जागा डक्टने घेतली. संडास-बाथरूमच्या खिडक्या उघडणारी ही अरुंद नळी कायद्याने वायुवीजनाची व्यवस्था ठरते. तिच्यातून काय येते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मुंबईत गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. 1896 साली प्लेग आला, आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळी हेच रोगाचे मूळ, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची खात्री होती. प्लेगचा प्रसार पिसवांमुळे होतो हे पुढे सर्वमान्य झाले, तरी उजेडाचा आग्रह गेला नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर त्याला भूमितीचे रूप दिले. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम असा, की खोलीच्या खिडकीपुढे इतकी मोकळी जागा हवी की समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे जाणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करणार नाही. सोप्या शब्दांत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. घराची योग्यता मोजायला इथे क्षेत्रफळ वापरलेले नाही, आकाश वापरले आहे. घरमालकांना हे रुचले नाही, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात नवल नाही: भाडे खोलीमागे मिळत होते, आकाशामागे नाही. तेवढ्याच जमिनीवर मोकळी जागा सोडायची म्हणजे खोल्या कमी, आणि खोल्या कमी म्हणजे उत्पन्न कमी. मुंबईच्या घरबांधणीतला पुढचा सगळा झगडा या एका वादात बीजरूपाने आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जिथे माणसांना डोके टेकायला जागा नाही तिथे रचनेला कोण विचारतो? टंचाईच्या बाजारात काहीही खपते. हा आक्षेप वजनदार आहे, पण मुंबईतच त्याची परीक्षा होऊन गेली आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, 1920 साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. खोल्या झाल्या सुमारे साडेसोळा हजार, प्रत्येकी 160 चौरस फुटांच्या. शहरात घरांची भयंकर टंचाई होती, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत होती, आणि तरीही या नव्याकोऱ्या चाळींतल्या, विशेषतः वरळीच्या, असंख्य खोल्या कितीतरी वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. भाडे कामगाराच्या पगाराला झेपणारे नव्हते आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती. ही दोन कारणे मोठी होती, हे मान्यच करायला हवे. पण तिसरे कारण खुद्द खोलीत होते. भिंती काँक्रीटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. दर्शनी बाजूला उघडझाप करता येईल अशा खिडकीऐवजी काँक्रीटच्या जाळ्या, ज्यांनी आडोसा झाला पण वारा आणि उजेड अडला. सरकारने भाडे उतरवले, मगच हळूहळू माणसे येऊ लागली. म्हणजे टंचाईतही, हातात चार पैसे असलेल्या नव्हे तर अगदी गिरणीत बदली कामगार म्हणून राबणाऱ्या माणसाने, खोली आणि खोली यांत फरक केला आणि तो सरकारला भाड्यात भरून द्यावा लागला. रचनेची किंमत ती खरेदी करणाराच मोजतो असे नाही; नाकारणाराही मोजतो.

याच सुमारास ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत मुंबईच्या मध्यमवर्गाचे नवे घर आकाराला येत होते. रुंद रस्ते, इमारतीभोवती सोडलेली जागा, मर्यादित मजले, आणि आत ब्लॉक. चाळीतली खोली आणि ब्लॉक यांतला फरक मोठेपणाचा कमी आणि दाराचा जास्त होता. ब्लॉकच्या दाराआड स्वयंपाकघर, मोरी आणि संडास हे सगळे एका कुटुंबाचे. ‘सेल्फ-कन्टेन्ड’ हा शब्द मराठी जाहिरातींत आणि बोलण्यात रुळला तो याच घरांमुळे. पण संडास घरात येणे ही साधी सोयीची बाब नव्हती. मैला टोपल्यांतून उचलला जात होता तोवर शौचकूप घरापासून दूर, मागच्या अंगाला असणे भाग होते, आणि तो उचलणाऱ्या जातीच्या माणसाला घरातून वाट द्यायची नाही म्हणून इमारतीमागे वेगळी गल्ली ठेवलेली असे. नळ आणि भुयारी गटारे आल्यावर हे तांत्रिक बंधन सुटले, पण सोवळे सुटले नाही. म्हणून जुन्या ब्लॉकमधला संडास मागच्या कोपऱ्यात सापडतो, आणि कित्येक इमारतींच्या पाठीशी सफाई कामगारासाठीचा लोखंडी गोल जिना आजही गंजत उभा आहे. तेव्हाच्या भाडेकरूने ब्लॉकसाठी जे जादा भाडे मोजले त्यात हवा-उजेडाचा वाटा होता, तसा शेजाऱ्यांपासून आणि विटाळापासून सुटकेचाही होता. रचनेला मिळणारा भाव नेहमी उदात्त कारणांसाठी असतो, असा भ्रम बाळगायचे कारण नाही.

ही नैसर्गिक घासाघीस 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने थांबवली. प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधले गेले. भाडेकरूंना त्याने वाचवले, यात शंका नाही. फाळणीनंतर आणि महागाईच्या काळात तो नसता तर लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण किंमत आणि रचना यांच्या नात्यावर त्याचा परिणाम विचित्र झाला. 1940 साली एखाद्या खोलीला जे भाडे होते ते जणू शिलालेखावर कोरले गेले. समोर मैदान झाले, गल्लीत बाजार भरू लागला, छप्पर गळू लागले, भाडे तेच. मालकाला चांगली रचना टिकवण्यात काही रस उरला नाही, कारण दुरुस्तीचा रुपया त्याला भाड्यातून परत मिळणार नव्हता. खोलीचे खरे मोल मग पागडीच्या रूपाने बाहेर पडले. कोपऱ्यातली, दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली आणि संडासाजवळची खोली यांचे भाडे जवळपास सारखे, पागडी मात्र निराळी. ती कुठल्या दप्तरात नीट लिहिलेली नसे. म्हणजे रचनेची किंमत बाजारातून नाहीशी झाली नव्हती, ती फक्त कागदावरून नाहीशी झाली.

भाड्याने देण्यासाठी बांधण्यात अर्थ उरला नाही तेव्हा विकण्यासाठी बांधणे सुरू झाले, आणि 1963 चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. इथेच चौरस फुटाचा खरा उदय आहे. भाडेकरू खोली पाहून, खिडकी उघडून, नळाचे पाणी बघून जागा घेई. सदनिका घेणारा मात्र इमारत उभी राहण्याआधीच पैसे भरू लागला. न बांधलेले घर करारात लिहायचे तर उजेड लिहिता येत नाही, वारा लिहिता येत नाही. आकडा लिहिता येतो. क्षेत्रफळ हे माप चांगले होते म्हणून आले नाही, ते लेखी होते म्हणून आले. आणि लेखी झाल्याबरोबर त्यात हातचलाखी सुरू झाली. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप अशा पायऱ्या चढत एकाच खोलीचे क्षेत्रफळ कागदावर वाढत गेले. जिना, लॉबी, लिफ्टची विहीर, क्लबहाऊस यांचा वाटा प्रत्येकाच्या डोक्यावर आला. या ‘लोडिंग’मुळे दोन बिल्डरांचे दर शेजारी ठेवून काहीच कळेनासे झाले.

त्याच वेळी महापालिकेच्या बाजूने दुसरे माप काम करत होते. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचा आकडा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत निवासी बांधकामाला तो मुंबई बेटावर 1.33 आणि उपनगरांत 1 असा होता. काही गोष्टी मात्र या हिशेबातून वगळलेल्या होत्या. बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत, आणि अधिमूल्य भरले की ती बंदिस्त करून खोलीत घ्यायलाही परवानगी. मग मुंबईच्या वास्तुरचनेत एक चमत्कार घडला. जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीला बाल्कन्या आल्या आणि जवळजवळ प्रत्येक बाल्कनी दिवाणखान्याच्या पोटात गेली. त्याहून मजेशीर गोष्ट फुलझाडांच्या वाफ्यांची. नकाशावर खिडकीबाहेर ‘फ्लॉवर बेड’ दाखवायचा, तो एफएसआयमध्ये धरला जात नाही. ताबा देताना त्याची पातळी खोलीच्या जमिनीला मिळवायची, आणि त्याचे पैसे चौरस फुटाच्या दराने घ्यायचे. ज्या शहरात तुळशीलाही कोपरा मिळत नाही त्या शहराच्या मंजूर नकाशांत बागाच बागा फुलल्या. जानेवारी 2012 मध्ये शासनाने नियम बदलला. बाल्कनी, फ्लॉवर बेड आणि असल्या साऱ्या जागा एफएसआयमध्ये धरायच्या, आणि बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य घेऊन 35 टक्के ‘फंजिबल’ एफएसआय द्यायचा. झाले, फ्लॉवर बेड नकाशांतून अदृश्य झाले आणि बाल्कनीही आक्रसली. लोकांची बागकामाची हौस त्या महिन्यात एकाएकी ओसरली नव्हती. मोजण्याची पद्धत बदलली, म्हणून घराचा आकार बदलला. 2020 च्या टाळेबंदीत बाल्कनीची आठवण सर्वांना झाली, तेव्हा मधल्या वर्षांत बांधलेल्या कित्येक घरांना ती नव्हती.

करांनीही हेच केले. आयकर कायद्यातल्या एका सवलतीसाठी मुंबई आणि दिल्लीत सदनिका हजार चौरस फुटांच्या आत असावी लागे. म्हणून मोठी घरे कागदावर दोन छोटी म्हणून जन्माला आली आणि मधली भिंत पाडून ‘जोडी फ्लॅट’ झाली. त्या घरांत दोन मुख्य दारे आणि दोन स्वयंपाकघरांच्या खुणा सापडतात, त्यांचे मूळ कुटुंबाच्या गरजेत नाही. एप्रिल 2019 पासून महानगरांत 60 चौरस मीटर कार्पेट आणि 45 लाख रुपये या मर्यादेतल्या बांधकामाधीन घराला एक टक्का जीएसटी, त्यापुढे पाच टक्के. या रेषेच्या अलीकडे बसवण्यासाठी खोल्या कुठे कापल्या जातात हे नकाशे पाहणाऱ्याला कळते.

आता दुसरा आक्षेप. किंमत ठरते ती ठिकाणावर, रचना हा वरचा मुलामा. शिवाजी पार्कचे अंधारे घरही विरारच्या हवेशीर घराहून महागच राहणार. खरे आहे, आणि ठिकाणाचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे कोणी नाकारू नये. पण त्यावरून रचना गौण ठरत नाही. एकाच इमारतीतल्या, एकाच क्षेत्रफळाच्या सदनिका वेगवेगळ्या किमतींना जातात, तिथे ठिकाण तर सारखेच असते. समुद्राकडे तोंड असलेली आणि मागच्या डक्टकडे तोंड असलेली यांतले अंतर ज्याने एकदा ऐकले त्याला हे पटवावे लागत नाही. शिवाय ठिकाण आणि रचना यांना वेगळे काढणे वाटते तितके सोपे नाही. दादर-माटुंग्याला आज जो भाव आहे त्यात शंभर वर्षांपूर्वी सोडलेल्या रस्त्यांचा, झाडांचा आणि इमारतींमधल्या अंतरांचा मोठा हात आहे. ज्याला आपण ठिकाण म्हणतो ते पुष्कळदा कुणीतरी पूर्वी केलेले चांगले नियोजनच असते.

तिसरा आक्षेप अधिक बारीक आहे: रचना ही आवडीनिवडीची गोष्ट, तिचे मोजमाप कसे करणार? कुणाला पूर्वेचे दार हवे असते, कुणी दक्षिणमुखी घर वास्तुशास्त्रापायी नाकारतो. पण मोजमाप अशक्य नाही. वस्तूची किंमत म्हणजे तिच्या गुणांच्या किमतींची बेरीज असे धरून एकेका गुणाचा भाव वेगळा काढण्याची रीत अर्थशास्त्रात प्रस्थापित आहे. शेरविन रोझेन यांनी 1974 साली तिला पक्का सैद्धांतिक पाया दिला. आणि आपले शासन तरी काय करते? मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यात, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, लिफ्ट असलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांचे मूल्य टप्प्याटप्प्याने वाढते. लिफ्ट नसेल तर वर जाताना कमी होते. एक यंत्र बसवले की मजल्याची किंमत उलटी होते, हे ज्या तक्त्याला समजते त्याला खोलीला किती बाजूंनी खिडक्या आहेत हे समजायला कसली अडचण? मजला मोजला जातो कारण तो करारात लिहिलेला असतो. खिडकी नकाशात असते, पण दराच्या हिशेबात तिला रकाना नाही.

2016 च्या रेरा कायद्याने आणि 1 मे 2017 पासून कामाला लागलेल्या महारेराने कार्पेटचा अर्थ पक्का केला. बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी, गच्ची वगळून आतले वापराचे क्षेत्र, त्यात आतल्या भिंती धरून. सुपर बिल्टअपची जादू त्यामुळे बरीच उतरली, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल आहे. पण प्रामाणिक केलेला चौरस फूटही चौरस फूटच राहतो. सहाशे फुटांत शंभर फुटांचा बोळ असला तरी दर तोच, उंची नऊ फूट असो की अकरा तरी दर तोच. नॅशनल हाउसिंग बँकेचा 2007 साली सुरू झालेला रेसिडेक्स निर्देशांक घरांचे गट पाडतो ते कार्पेटच्या आकाराने, 60 चौरस मीटरपर्यंत, 60 ते 110 आणि त्यापुढे. गटात घर कसे आहे याला जागा नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या दरांची तुलना करताना मधल्या काळात बाल्कनी गेली, भिंतीची जाडी आणि खोलीची उंची घटली, मापाची व्याख्या दोनदा बदलली, हे सगळे दराच्या एका रेषेत गडप होते. घर किती महागले हे त्या रेषेवरून सांगणाऱ्याने निदान हे तरी मान्य करावे, की दोन टोकांना तेच घर नाही.

सक्तीने रचना सुधारा, असे म्हणण्यात अर्थ नाही. ऑर यांच्या नियमाचे काय झाले ते आपण पाहतोच. मागणी फार छोटी आहे. नोंदणी कार्यालयात सदनिकेच्या दस्तात मजला आणि क्षेत्रफळ लिहिले जाते, त्याशेजारी तीन गोष्टी आणखी लिहाव्यात: किती बाजूंनी उघडी हवा आहे, छताची उंची किती, आणि खिडकीसमोर मोकळी जागा किती. तिन्ही मंजूर नकाशात असतात, नव्याने शोधाव्या लागत नाहीत. दहा वर्षांचे दस्त असे भरले की रचनेचा भाव अंदाजाने नाही, आकड्याने सांगता येईल, आणि बिल्डरही ते आकडे वाचू लागतील. तोवर घर घेणाऱ्याने एवढे करावे: प्रकल्पाचा मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर असतो, तो दर विचारण्याच्या आधी उघडून पाहावा.